घाटाचा चढ आणि इंजिनाचा दम

बेळगावहून गोव्याकडे जाणारी वाट खानापूर मागे टाकून लोंढ्याला पोहोचते, तेव्हा सह्याद्रीचे दाट रान सुरू झालेले असते. मिरज-बेळगावकडून येणारा लोहमार्ग, हुबळी-धारवाडकडून येणारा लोहमार्ग आणि खाली मुरगाव बंदराकडे उतरणारा लोहमार्ग असे तीन मार्ग ह्या लहानशा गावी एकत्र येतात. त्यामुळे बाहेरगावच्या प्रवाशाच्या मनात लोंढा म्हणजे केवळ एक जंक्शन असते. तथापि ह्या जंक्शनाचे सारे जीवन त्याच्या पश्चिमेकडील घाटाने घडविले आहे. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत येथे जी जी यंत्रे आली, त्या प्रत्येकाची परीक्षा ह्या घाटाने घेतली. यंत्राच्या अंगी बळ किती आहे, एवढ्यावर ही परीक्षा संपत नसे. चालकाने मागितल्याबरोबर ते बळ मिळते, की यंत्र क्षणभर थबकून मग देते, हेही घाटात कळून येई.

हे थबकणे आज आगगाडीपेक्षा मोटारगाडीच्या संदर्भात अधिक चर्चिले जाते. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, मडगाव ह्या गावांच्या परिसरात जुन्या मोटारींचा व्यापार मोठा आहे. गोव्याच्या पाटीची गाडी खानापुरात येते, कोल्हापूरची गाडी निपाणीत विकली जाते. एखादा कारकून, शिक्षक किंवा छोटा दुकानदार कित्येक वर्षांची शिल्लक खर्चून अशी एखादी टर्बो इंजिनाची गाडी घेतो. गावातल्या सपाट रस्त्यावर ती ठीक चालते. पुढे सुटीत बायकामुलांना घेऊन तो लोंढा, रामनगर ओलांडून अनमोड घाटाला लागतो. परतीच्या वाटेवर चढ असतो, पुढे भरलेली मालमोटार असते. तिला मागे टाकण्यासाठी तो पाय दाबतो आणि गाडी क्षणभर काहीच करीत नाही. इंजिनाचा आवाजही फारसा बदलत नाही. मग एकाएकी कोणीतरी मागून ढकलावे तशी ती पुढे झेपावते. तेवढ्या अवधीत समोरच्या वळणावरून दुसरे वाहन आलेले असते.

गॅरेजात गेल्यावर कोणी म्हणतो, पिकअप नाही. कोणी म्हणतो, लोड घेत नाही. कोणी थेट सांगतो, टर्बो गेला. ह्या शेवटच्या तीन शब्दांची किंमत हजारो रुपये असते आणि पुष्कळदा ते शब्द खरे नसतात. गाडीचे थबकणे हा तिचा स्वभाव आहे की तिचे दुखणे आहे, हे ठरविण्यासाठी हा क्षण मुळात आला कोठून हे पाहावे लागते. त्यालाही एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा बराच भाग लोंढ्याच्या लोहमार्गावरून धावून गेला आहे.

इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांमध्ये १८७८ साली झालेल्या करारानंतर मुरगाव बंदर ब्रिटिश मुलखाशी जोडण्याची योजना आकारास आली. बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतचा मीटरगेज मार्ग ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज’ ह्या कंपनीने बांधला, आणि कॅसलरॉकपासून लोंढ्यामार्गे पुढचा मार्ग सदर्न मराठा रेल्वेने. १८८८ साली हा घाट वाहतुकीस खुला झाला. कुळे ते कॅसलरॉक हे अंतर सुमारे २६ किलोमीटरांचे. वाटेत सोनावळी, दूधसागर, करंझोळ ही स्थानके, बोगद्यांची मालिका, आणि चढ असा की काही ठिकाणी ३७ फूट पुढे जावे तो गाडीला एक फूट वर चढावे लागते. रस्त्यावरच्या वाहनाला हा चढ किरकोळ वाटेल. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरवणाऱ्या इंजिनाला तो फार मोठा आहे. पोर्तुगालच्या राजघराण्याच्या नावावरून ह्या घाटाला ब्रागांझा घाट म्हणतात.

ह्या चढावर प्रथम वाफेची इंजिने चालली. वाफेच्या इंजिनात दोष अनेक. त्याला तयार करावयास तास न् तास लागत, कोळसा आणि पाणी ते अमाप पीत असे. परंतु एक गुण त्यात असा होता की त्याचा दम बाष्पकात आधीच भरून ठेवलेला असे. चालकाने नियामक उघडला की दाबलेली वाफ दट्ट्यावर जाऊन आदळे. चाक स्थिर असतानाच त्याची ओढ सर्वांत अधिक असे. म्हणून वाफेच्या जमान्यात चालकाला इंजिनाचे थबकणे हा अनुभव ह्या अर्थाने नव्हता. वाफ उतरली तर गाडी चढावर उभी राही. पण वाफ असली तर ती तत्काळ मिळे.

तेलाच्या इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. त्याला बळ साठविता येत नाही. जेवढे हवे तेवढे त्याच क्षणी आत जाळावे लागते. जाळण्यासाठी तेलापेक्षा हवाच फार लागते. एक लिटर डिझेल पुरते जळावयास सुमारे बारा किलो, म्हणजे दहा घनमीटर हवा हवी. इंजिनात तेल अधिक घालणे सोपे आहे. एक लहानसा पंप ते करू शकतो. हवा मात्र दट्ट्याने स्वतः ओढून घ्यावी लागते आणि नळकांडे जेवढे मोठे तेवढीच ती आत येते. अधिक बळ हवे तर नळकांडे मोठे करा, नाहीतर हवाच दाबून भरा, असे हे दोन मार्ग आहेत.

दुसऱ्या मार्गाचा शोध आल्फ्रेड ब्यूखी ह्या स्विस अभियंत्याने घेतला. ब्यूखीचा जन्म १८७९ चा, विंटरथूर गावचा. इंजिनात जाळलेल्या इंधनाची बरीचशी उष्णता धुरांड्यातून वाया जाते हे त्याच्या मनाला लागले होते. बाहेर पडणाऱ्या त्या तप्त वायूने एक चक्र फिरवावे, त्याच आसाच्या दुसऱ्या टोकास पंख्यासारखे चक्र बसवावे आणि त्याने ताजी हवा दाबून इंजिनात भरावी, ही त्याची कल्पना. १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले. कल्पना कागदावर जितकी सुंदर, तितकी धातूत उतरविण्यास कठीण होती. लाल होणाऱ्या उष्णतेत अतिवेगाने फिरणारे चक्र टिकवील असे पोलाद आणि तशी बेअरिंगे त्या काळी सहज मिळत नव्हती. ब्यूखीला वीस वर्षे वाट पाहावी लागली. १९२५ च्या सुमारास ‘प्रॉइसेन’ आणि ‘हान्सेस्टाट डान्त्सिग’ ह्या दोन जर्मन प्रवासी जहाजांवर त्याची योजना यशस्वी झाली आणि १७५० अश्वशक्तीच्या इंजिनांतून २५०० अश्वशक्ती मिळू लागली. १९५९ साली तो वारला, तेव्हा जगातील मोठमोठी जहाजे त्याच्या चक्रावर चालत होती.

दरम्यान विमानविद्येने हीच कल्पना दुसऱ्या गरजेपोटी उचलली होती. उंच आकाशात हवा विरळ, त्यामुळे इंजिन धापा टाकते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये ओग्यूस्त रातो ह्याने, आणि अमेरिकेत सॅनफर्ड मॉस ह्याने त्यावर प्रयोग केले. मॉसने १९१८ साली ‘लिबर्टी’ हे विमानाचे इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक ह्या १४,००० फुटांहून उंच शिखरावर वाहून नेले. समुद्रसपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर जेमतेम २३० देऊ लागले. टर्बो लावताच ते ३५६ वर गेले. घाट चढून वर नेऊन यंत्राची परीक्षा घेण्याचा हा प्रकार लोंढ्याच्या माणसाला परका वाटू नये.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. जहाजाचे इंजिन एकदा वेगात आले की दिवसेंदिवस त्याच वेगाने चालते. विमानाचेही बहुतांशी तसेच. टर्बो जन्मास आला तो अशा ठिकाणी, जेथे कोणी दर दहा सेकंदांनी इंजिनाकडे नवे मागणे मागत नव्हते. ते चक्र गतिमान व्हावयास लागणारा अवधी तेव्हाही होताच. पण तो कोणाला जाणवत नव्हता. दोष जन्मजात होता, फक्त तो उघडा पाडणारी परिस्थिती यावयाची होती.

हा अवधी का लागतो, हे लोहाराच्या भात्यावरून उत्तम समजते. निखारे मंद आहेत, लोहार त्यावर मूठभर नवा कोळसा टाकतो. लगेच ज्वाळा उठत नाही. उलट आधी काळा धूर येतो. भात्याचे चारदोन झटके बसले, वारा आला, की मग निखारा फुलतो. टर्बोच्या बाबतीत गंमत अशी की तेथे भाता ओढणारा हात निखाऱ्याचाच असतो. आग वाढली तर भाता जोराने चालेल, आणि भाता चालला तर आग वाढेल. हे चक्र सुरू व्हावयास जो क्षण लागतो, तोच चालकाच्या पायाखाली जाणवणारा तो रिकामा क्षण.

भारतीय रेल्वेने हा अनुभव साठीच्या दशकात मोठ्या प्रमाणावर घेतला. १९६२ साली अमेरिकेच्या आल्को कंपनीची डब्ल्यू-डी-एम-२ जातीची ब्रॉडगेज इंजिने देशात आली. त्यात सोळा नळकांड्यांचे, २६०० अश्वशक्तीचे, टर्बो बसविलेले यंत्र होते. पुढे ती वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. तेथील पहिले इंजिन १९६४ च्या जानेवारीत बाहेर पडले. मीटरगेजसाठी त्याच घराण्यातील सहा नळकांड्यांचे वाय-डी-एम-४ हे धाकटे भावंड होते. लोंढ्याच्या घाटात वाफेचा निरोप घेतला गेला तो ह्या इंजिनांच्या आगमनाने. १९९० च्या दशकात मार्ग रुंद झाल्यावर मोठी भावंडेही येथे आली.

ज्यांनी दूधसागरच्या पुलाजवळ चढणारी मालगाडी त्या काळी पाहिली असेल, त्यांना एक दृश्य आठवेल. चालकाने हातातली मूठ एका खाचेवरून पुढच्या खाचेवर नेली की हिरव्या रानावर काळ्याकुट्ट धुराचा लोट उसळे. काही वेळाने धूर पातळ होई आणि इंजिनाच्या आवाजात एक तीव्र शिटी मिसळे. त्या काळ्या लोटाचा अर्थ एवढाच की तेल वाढले होते, हवा अजून यावयाची होती. शिटी ऐकू आली म्हणजे भाता चालू लागला. ह्या इंजिनांना आठ खाचा असत आणि जाणता चालक त्या एकदम ओलांडीत नसे. एक खाच, मग थोडी सबूर, मग दुसरी. घाटात गाडीच्या मागून रेटा देणारी बँकर इंजिनेही असत. पुढची इंजिने व मागची इंजिने ह्यांच्यामध्ये शेकडो टन माल, आणि संकेत शिट्यांचा. अशा वेळी इंजिनाचा तो क्षण हिशेबात न धरणे परवडणारे नव्हते. चालकांनी तो दोष दुरुस्त केला नाही. त्याला आपल्या हाताच्या सवयीत सामावून घेतले.

बेळगावचा ह्या यंत्रविद्येशी आणखी एक जुना संबंध आहे. ज्या १८८८ साली घाटातून आगगाडी सुरू झाली, त्याच साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचा व्यवसाय आरंभिला. त्यातूनच पुढे नांगर आले, किर्लोस्करवाडी आली, आणि पुण्यात तेलाची इंजिने आली. १९६२ साली किर्लोस्कर व अमेरिकन कमिन्स ह्यांनी मिळून पुण्यास कोथरूडला डिझेल इंजिनांचा कारखाना काढला. ह्याच कमिन्स कंपनीने दहा वर्षे आधी, १९५२ साली, इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत टर्बो लावलेली डिझेलची मोटार उतरविली होती. तिने सर्वांत वेगवान फेरी मारून पहिले स्थान पटकावले. पेट्रोलवाल्यांनी तोंडात बोटे घातली. पण शर्यतीत ७१ फेऱ्यांनंतर ती बाद झाली. कारण काय, तर धावपट्टीवर उडणारे टायरांच्या रबराचे कण टर्बोच्या हवा घेण्याच्या तोंडाशी साचले आणि त्याचा श्वास कोंडला. एवढे प्रचंड यंत्र, आणि त्याला बसवून ठेवले ते कचऱ्याने. जुनी मोटार घेणाऱ्याने ही हकिकत लक्षात ठेवावी. तिचा उपयोग पुढे आहे.

मोटारीत टर्बो घालण्याचे धाडस अमेरिकेने १९६२ साली केले. ओल्डस्मोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर ह्या त्या दोन गाड्या. जेटफायरला इंजिन थंड राखण्यासाठी पाणी आणि मद्यार्क ह्यांचे एक खास मिश्रण भरावे लागे. मालक ते भरावयास विसरत, मग टर्बोचा दाब आपोआप तोडला जाई आणि गाडी मरगळे. अनेक गाड्यांचा टर्बो अखेर काढून टाकण्यात आला. युरोपात १९७३ साली बी-एम-डब्ल्यूने आणि १९७५ साली पोर्शने टर्बो गाड्या विक्रीस आणल्या. त्यांत मोठे चक्र होते, त्यामुळे थबकणे लांब आणि झेप भयंकर. वळणावर पाय दाबावा आणि शक्ती वळण संपण्याच्या सुमारास यावी, असा तो प्रकार. पोर्शच्या त्या गाडीला लोकांनी ‘विधवा करणारी’ असे नाव ठेवले होते. स्वीडनच्या साबने १९७७ साली ह्यातून शहाणपणाचा मार्ग काढला. चक्र लहान ठेवावे म्हणजे ते लवकर वेग घेते, आणि वेग फार झाल्यावर जादा वायूला बाजूने वाट देणारी झडप ठेवावी, असा तो मार्ग. ह्या झडपेला वेस्टगेट म्हणतात. पुढे चक्राभोवतीची पाती हलवून वायूचा झोत कमीअधिक अरुंद करण्याची युक्ती निघाली आणि नव्वदीच्या दशकात डिझेल मोटारींत ती रूढ झाली. नदीचे पात्र अरुंद केले की पाणी जोराने धावते, तेच तत्त्व.

आपल्या रस्त्यांवर ह्या विद्येचा खरा प्रसार एका लहानशा इंजिनाने केला. फियाटचे १२४८ घनसेंटिमीटरचे ‘मल्टिजेट’ डिझेल २००३ साली युरोपात निघाले. २००७ साली ते मारुतीच्या स्विफ्ट गाडीत आले, पुढे डिझायर, रिट्झ, टाटांची इंडिका व्हिस्टा, फियाटची पुंटो अशा अनेक गाड्यांत बसले. पुण्याजवळ रांजणगावलाही ते तयार होत असे. इतक्या घरांत ते पोहोचले की मोटारविषयक लेखकांनी त्याला थट्टेने ‘राष्ट्रीय डिझेल इंजिन’ ही पदवी दिली. मारुतीने २०२० च्या एप्रिलात, भारत स्टेज ६ नियम लागू होताना, डिझेल गाड्या बंद केल्या. म्हणजे आज बाजारात असणारी अशी प्रत्येक मारुती जुनी आहे. तिचा स्वभाव सर्वांना ठाऊक आहे : १९० न्यूटन-मीटरची तिची पूर्ण ओढ मिनिटाला २००० फेऱ्यांवर मिळते, आणि त्याच्या खाली ती जवळजवळ झोपलेली असते. अनमोडच्या वळणावर गाडी तिसऱ्या गिअरात १२०० फेऱ्यांवर आली आणि तेथे पाय दाबला, तर तिने थबकावे हेच स्वाभाविक. गाडीत पाच माणसे, सामान आणि चालू असलेले वातानुकूलन यंत्र असेल तर हे थबकणे आणखी लांबते.

एक फरक मात्र झाला आहे. आल्कोच्या इंजिनाला तेल आधी मिळे आणि हवा मागून येई, म्हणून धूर दिसे. आजच्या मोटारीत पायाखालचा पेडल थेट इंजिनाशी जोडलेला नसतो. मध्ये संगणक आहे. तो हवा मोजतो आणि हवा पुरेशी आल्याशिवाय तेल सोडीत नाही. धुराचा लोट गेला, त्याच्या जागी शांतता आली. चालकाला वाटते, गाडी ऐकत नाही. वास्तविक तिने ऐकलेले असते; ती हवेची वाट पाहत असते.

आता स्वभाव आणि दुखणे ह्यांतील भेद. स्वाभाविक थबकणे हे नियमित असते. त्याच गिअरात, त्याच फेऱ्यांवर ते रोज सारखे येते आणि एक गिअर खाली घेतला की नाहीसे होते. ज्या गाडीचे थबकणे गिअर बदलूनही जात नाही, किंवा गेल्या महिन्यापेक्षा ह्या महिन्यात वाढले आहे, ती गाडी आजारी समजावी. तशीच ती गाडी, जी चढावर एकाएकी सर्व बळ टाकून देते आणि किल्ली बंद करून पुन्हा सुरू केल्यावर काही वेळ चांगली चालते. संगणकाला टर्बोच्या दाबात विसंगती दिसली की तो इंजिनाचे रक्षण म्हणून शक्ती आखडून घेतो, त्याचे हे चिन्ह होय.

डिझेल गाडीत पाय दाबताच काळा धूर आणि सोबत वारा सुटल्यासारखा फुसफुसाट येत असेल, तर दाबलेली हवा वाटेत कोठेतरी गळते आहे. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तेथून इंजिनापर्यंत रबरी होज पाइप असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते चिरतात, त्यांचे क्लॅम्प सैल होतात. संगणकाने मोजलेली हवा आत पोहोचतच नाही, तेल मात्र मोजमापाप्रमाणे पडते. येथे टर्बो निर्दोष असतो. दोष असतो तो एका पाइपाचा. काही गाड्यांत टर्बोची पाती किंवा झडप हलविण्यासाठी बारीक निर्वात नळ्या असतात. पावसाळ्यात बॉनेटखालच्या उबेला येणारे उंदीर त्या कुरतडतात, हे खानापूरच्या पट्ट्यात कोणाला सांगावयास नको. उन्हाळ्यात तांबडी धूळ हवेची गाळणी बुजवून टाकते. इंडियानापोलिसची ती शर्यतीची गाडी इथेही भेटते. डिझेलच्या गाळणीत पाणी साचले तरी चढावर ओढ तुटते.

काजळीचे प्रकरण अधिक हट्टी आहे. जळलेला थोडा वायू पुन्हा आत फिरविणारी ई-जी-आर झडप काजळीने अडकते. हलती पातीही तशीच चिकटतात. गावातल्या गावात, दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत आयुष्य गेलेल्या गाडीत हे विशेष आढळते, कारण इंजिनाला पुरते तापावयास अवसरच मिळत नाही. २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी निराळी गाळणी आहे, तिलाही अशा वापराचा जाच होतो. म्हणून ‘गाडी फक्त गावात, बाजारापुरती चालवली’ असे विकणारा अभिमानाने सांगतो, तेव्हा घेणाऱ्याने ते प्रशस्तिपत्र मानू नये.

पेट्रोलच्या टर्बो गाड्यांचा रोग वेगळ्या तऱ्हेने बोलतो. तेथे गाडी सावकाश थबकत नाही, तर पाय दाबताच झटके मारते. मिस्त्री ह्याला मिसिंग म्हणतात. हवा दाबून भरलेली असली की ठिणगीला ती फोडून उडी मारावयास अधिक विजेचा दाब लागतो. झिजलेला प्लग सपाट रस्त्यावर निभावून नेतो आणि चढावर, टर्बो भरात असताना, दगा देतो. प्लग बदलणे हे कमी खर्चाचे काम आहे. त्यासाठी टर्बो उतरविणाऱ्या गॅरेजपासून दूर राहणे बरे.

टर्बो खरोखर गेलेला असला तर खुणा स्पष्ट असतात. इंजिन तेल पिते, धुराला निळसर छटा येते, शिटीच्या जागी धातू घासल्याचा आवाज येतो. लहान मोटारीतले हे चक्र मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या घेते आणि त्याचा आस तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल वेळेवर बदलले नाही, किंवा घाट चढून वर येताच तापलेले इंजिन झटकन बंद केले, तर थांबलेले तेल त्या उष्णतेत करपते. जुन्या गाडीचे मैल दाखविणारे यंत्र मागे फिरविता येते; तेल बदलल्याच्या पावत्या मात्र मागे फिरत नाहीत. त्या मागाव्यात. आणि चाचणी बेळगावच्या सपाट रस्त्यावर घेऊ नये. इंजिन पुरते तापल्यावर, माणसे बसवून, चढावर, तिसऱ्या गिअरात १५०० फेऱ्यांपासून पाय दाबून पाहावे.

ह्या थबकण्यावर मुळातूनच उपाय योजलेले एक इंजिन लोंढ्याच्या घाटात चालले आहे, हे मोटारवाल्यांना क्वचितच माहीत असते. १९९९ पासून देशात आलेले जनरल मोटर्सच्या घडणीचे डब्ल्यू-डी-जी-४ हे ते ४००० अश्वशक्तीचे इंजिन. हुबळीच्या शेडने ते सांभाळले आणि घाटात बँकर म्हणूनही वापरले. हे दोन धावांचे इंजिन असल्यामुळे ते स्वतः हवा ओढून घेऊ शकत नाही. सुरू होण्यापासूनच कोणीतरी ती भरावी लागते. म्हणून त्याचा टर्बो दातेरी चाकांनी इंजिनाच्या आसाशी जोडलेला आहे. मंद वेगात इंजिनच त्याला फिरविते. भार वाढून धुरांड्यातील वायू पुरेसा जोरकस झाला की एक क्लच तो जोड सोडवितो आणि टर्बो आपल्या बळावर पळू लागतो. भाता आधी हाताने ओढावा आणि आग फुलल्यावर तिच्यावर सोपवावा, अशी ही व्यवस्था. मोटारींत हेच काम आता वीज करू लागली आहे : २०१६ साली औडीने विजेवर चालणारा हवेचा पंप आणला, २०२२ साली मर्सिडीजने टर्बोच्या आसावरच छोटी विद्युत मोटर बसविली. त्या गाड्या लोंढ्याच्या बाजारात जुन्या होऊन यावयास अजून अवकाश आहे.

तोवर ह्या रस्त्यावर मल्टिजेट आणि तिच्या पिढीतील गाड्याच अधिक धावणार. अशा गाडीची तक्रार आली की अनुभवी मिस्त्री प्रथम टर्बोला हात लावीत नाही. तो हवेची गाळणी काढून उजेडासमोर धरतो, नळ्या बोटांनी चाचपून पाहतो, स्कॅनर लावून संगणकाने नोंदविलेला दोष वाचतो. मग होज पाइपांत बाहेरून बेताची हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी सोडतो, आणि बुडबुडा कोठे येतो ते पाहत बसतो.